लिंबाची नवी पानं पिवळी, जास्वंदीची जुनी पिवळी: खत कोणतं द्यायचं?

हिरवाकोपरा (प्रश्न)
शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन कुंड्या आहेत. १२ इंची कुंडीत लिंबू: शेंड्याची पानं फिकट पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार, खालची पानं ठणठणीत. १० इंचीत जास्वंद: बुडाची पानं सरसकट पिवळी होऊन गळतात, शेंडा हिरवा पण पानं लहान. माती, कोकोपीट, गांडूळखत समभाग. पाणी बोअरचं, रोज. मातीवर पांढरा थर आलाय. दोघांना एप्सम सॉल्ट घातलं, काडीचाही फरक नाही. अजून घालू का?

मातीखत
नको. एप्सम म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, आणि मॅग्नेशियमची कमतरता जुन्या पानांवर दिसते: शिरांमधला भाग पिवळा, देठाकडे हिरवा त्रिकोण उरतो. तुमच्या दोन्ही झाडांवर हे चित्र नाही.

पिवळेपणा कुठून सुरू झाला हे आधी बघायचं. नत्र (नायट्रोजन), पालाश (पोटॅशियम), मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून कोवळ्यांना देतं, म्हणून फटका जुन्यांना. अख्खं पान पिवळं तर नत्र, कडा करपल्या तर पालाश. लोह, मँगनीज हलत नाहीत, त्यामुळे नवी पानं उपाशी राहतात. लिंबाला लोह मिळत नाहीये, जास्वंदीला नत्र. जस्त कमी असतं तर लिंबाची नवी पानं बारीक, टोकदार झाली असती आणि पेरं आखूड.

कुंडीतलापाणी
निदान बरोबर, पण "मिळत नाही" आणि "मातीत नाही" यांत फरक आहे. पांढरा थर बहुतेक बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा. थोडा खरवडून त्यावर व्हिनेगर टाका. फसफसला तर चुना आहे. असं पाणी सतत घातलं की मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप) ७.५ च्या वर सरकतो, आणि तिथे लोह असूनही मुळांना घेता येत नाही. अशा मातीत हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे साधं लोहाचं खत) टाकणंही वाया, लोह काही दिवसांत बांधलं जातं.

दुसरी शंका रोजच्या पाण्याची. बोट दोन इंच खुपसा. ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. सतत चिंब मातीत मुळांना हवा मिळत नाही, आणि कुजक्या मुळांवर खत म्हणजे आणखी मार. झाड गोळ्यासकट काढून मुळं बघा: पांढरी-फिकट आणि टणक हवीत. तपकिरी, लिबलिबीत, आंबूस वासाची असतील तर ती कापा, निचऱ्याच्या मिश्रणात पुन्हा लावा, नवी फूट येईपर्यंत खत बंद.

हिरवाकोपरा
मुळं पांढरी आहेत, वास नाही. थर व्हिनेगरने फसफसला. सामूच्या पट्टीवर मातीचं पाणी ८ च्या आसपास.

मातीखत
मग क्रम असा. वरचा थर अर्धा इंच खरवडून टाका. कुंडीच्या आकारमानाच्या तिप्पट पाणी सावकाश ओतून भोकातून वाहू द्या. पावसाचं असलं तर उत्तम. खत त्यानंतरच, नाहीतर धुण्यात तेही जाईल.

लिंबाला चिलेटेड लोह, म्हणजे मातीत बांधलं जाऊ नये म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं लोह, पण पाकिटावर त्या रसायनाचं नाव ईडीडीएचए लिहिलेलं. स्वस्तातलं ईडीटीए सामू ६.५ च्या वर टिकत नाही, ते पानांवर फवारायला ठीक. ईडीडीएचए १ लिटर पाण्यात १ ग्रॅम, ओल्या मातीत. पाणी लालभडक होतं, घाबरू नका. फरशीवर सांडलं तर डाग मात्र जात नाही.

जास्वंदीला अमोनियम सल्फेट, लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. नत्रही मिळतं आणि सामूही थोडा उतरतो. कॅल्शियम नायट्रेट इथे नको, त्याने सामू वरच जाईल.

पानकीड
नत्राचा डोस देण्याआधी जास्वंदीच्या पानाची मागची बाजू तपासा. पांढऱ्या कागदावर फांदी झटका. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालायला लागले तर लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) आहे. त्याचा पिवळेपणा सरसकट नसतो, बारीक ठिपक्यांचा असतो. आधी कोळी काढा, कारण नत्राने येणारी लुसलुशीत फूट त्याला फारच आवडते.

कुंडीतलापाणी
पाणी तेच राहिलं तर सामू पुन्हा चढेल. बादलीत सायट्रिक ॲसिड चिमूट चिमूट विरघळवत पट्टी ६ ते ६.५ दाखवेपर्यंत जा, तेच पाणी घाला. ठरलेलं माप देता येत नाही, पाण्यातल्या क्षारांवर अवलंबून आहे.

आणि निकाल जुन्या पानांत शोधू नका. जास्वंदीची पूर्ण पिवळी झालेली पानं परत हिरवी होत नाहीत. लिंबाची कोवळी पिवळी पानं थोडीफार भरून येतात, पण खरी परीक्षा पुढच्या फुटीची. ती हिरवी आली की लोह थांबवा.