पुण्याच्या गंज पेठेतील महात्मा फुले वाडा : वृद्ध आईला नेण्यासंबंधी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार. माझी आई 81 वर्षांची असून तिने आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवले आहे. 1848 साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू करणाऱ्या जोतीराव-सावित्रीबाईंचे घर एकदा तरी डोळ्यांनी पाहावे, ही तिची फार जुनी इच्छा आहे. विशेषतः 1868 मध्ये जोतीरावांनी अस्पृश्यांसाठी खुला केलेला पाण्याचा हौद, ज्याविषयी तिने वर्गात कितीतरी वेळा सांगितले, त्याच्या काठाशी तिला थोडा वेळ बसायचे आहे. समाधीचे दर्शनही घ्यायचे आहे.

अडचण तिच्या गुडघ्यांची आहे. हातात काठी असली तरी पाऊल वीतभरापेक्षा वर उचलत नाही. आमच्या घराचा उंबरठासुद्धा ती चौकटीला धरून, आधी उजवा पाय टाकून ओलांडते. त्यामुळे वाड्याच्या दारांना उंबरठे किती उंच आहेत, चाकाची खुर्ची आतपर्यंत जाते का आणि रिक्षा नेमकी कोठपर्यंत येते, हे नुकतेच जाऊन आलेल्यांनी कृपया कळवावे. 11 एप्रिल (जोतीरावांची जयंती) आणि 28 नोव्हेंबर (पुण्यतिथी) या दिवशी तेथे मोठी गर्दी असते, म्हणून ते दिवस आम्ही टाळणार आहोत. इतर दिवशी सकाळी निवांतपणा मिळतो का? तिला घाईने फिरवून आणायचे नाही, मनासारखे पाहू द्यायचे आहे.