मदत हवी आहे : मावसभावाचा ऑनलाइन सट्टा कसा सोडवायचा?

राम राम भाऊ-ताईंनो, रावेर तालुक्यातून लिहितोय. मावसभाऊ ऑनलाइन रमीत अडकला होता, २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला तेव्हा वाटलं चला सुटला, पण आता कुणाकडून तरी सट्ट्याच्या साइटचा आयडी घेऊन क्रिकेटवर पैसे लावून राहिला. केळी कटाईचे पैसे आले की दोन दिवसात सफाचट, आणि हरला की म्हणतो एकदा रिकव्हर होऊ दे मग बंद. हे रिकव्हरचं खूळच सगळ्यात वाईट आहे भो, त्यापायीच माणूस अजून खोलात जातो.

घरचे आधी उधारी फेडून मोकळे झाले, त्याने उलट त्याला नव्याने खेळायला वाट मिळाली. आता मावशी रडते, काका शिव्या देतात. मला नाही वाटत शिव्यांनी काही होईल, डब्ल्यूएचओ पण याला आजारच मानते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्री आहे, मराठीत बोलता येतं, पण तो स्वतः फोन लावायला तयारच नाही, मग घरच्यांनी लावला तर चालतं का?

जळगाव-भुसावळकडे जुगाराच्या व्यसनावर नीट उपचार करणारे मानसोपचार डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगा असतात तशा जुगारासाठी आपल्याकडे कुठे होतात का? आणि त्याचं यूपीआय बंद करून केळीचं पेमेंट मावशीच्या खात्यात घ्यायचं तर त्याला न दुखावता कसं बोलावं? घरात कुणी यातून बाहेर आलं असेल तर प्लीज मेसेज करा, पोरगं मनाने लय चांगलं आहे.