ए-१०४ ब्याऐंशीला गेला?

(सोसायटीचा ग्रुप, शनिवार सकाळ)

पाटील (बी-३०२): नमस्कार मंडळी. ए-१०४ ८२ लाखांना गेल्याचं आज एजंटकडून कळलं. आपल्याच सोसायटीतले लोक असा भाव पाडून विकायला लागले तर बाकीच्यांनी काय करायचं? काल माझ्याकडे आलेलं गिऱ्हाईक तोंडावर म्हणालं, "खाली ८२ ला मिळतोय, तुम्ही १ कोटी ५ कसले मागता?" कमिटीने यात लक्ष घालावं ही विनंती.

गोखले (सी-२०२): लक्ष घालायचं म्हणजे काय? हमीभाव जाहीर करायचा?

जोशी काकू (ए-३०३): सुप्रभात 🙏 आज टँकर आला का?

कदम (सेक्रेटरी): पाटील साहेब, कोणी कितीला विकावं हे कमिटीच्या हातात नसतं. आपण कागद बघून शेअर सर्टिफिकेटवर नाव बदलतो, बस.

पाटील (बी-३०२): त्यावरून आठवलं. त्यांच्याकडून ट्रान्सफरचे २५ हजारच घेतले म्हणे. आमच्या वेळी "स्वेच्छा देणगी" म्हणून वर वेगळे घेतले होते. पावती आहे माझ्याकडे.

कदम (सेक्रेटरी): मर्यादा २५ हजारांचीच आहे, तेवढेच घेतले. आधीच्या कमिटीचं आधीच्या कमिटीला विचारा.

देशपांडे काका (ए-२०१): मूळ मुद्दा कोणी बोलत नाही. कन्व्हेयन्स झालेलं नाही. जमीन आजही बिल्डरच्या नावावर आहे. सोसायटी रजिस्टर झाल्यावर ४ महिन्यांत व्हायला हवं होतं. मी मागच्या एजीएमलाही हे मांडलं होतं.

कुलकर्णी (ए-२०२): ८२ नाही हो, ७१ ला गेलाय! मेव्हण्याने ऑनलाइन इंडेक्स टू, म्हणजे रजिस्ट्रेशनचा उतारा, काढून बघितला.

पाटील (बी-३०२): ७१??? संपलं मग सगळं.

सायली (बी-१०३): कुलकर्णी काका, इंडेक्स टूवर दोन रकमा असतात. एक "मोबदला" आणि दुसरी "बाजारभाव". ७१ ही दुसरी आहे, रेडीरेकनरने म्हणजे सरकारी दरपत्रकाने काढलेली. व्यवहार मोबदल्याचा, म्हणजे ८२ चाच. दोन्हींत जी जास्त तिच्यावर स्टॅम्प ड्यूटी बसते.

कुलकर्णी (ए-२०२): मेव्हणा सीए आहे.

गोखले (सी-२०२): तरीच.

पाटील (बी-३०२): बरं ८२ धरू. ७८० स्क्वेअर फुटाला भाग द्या, जेमतेम साडेदहा हजार पडतात. समोरच्या नव्या टॉवरमध्ये १६,५०० सांगतात. मधे फक्त रस्ता आहे!

सायली (बी-१०३): काका, ७८० हा जुन्या करारातला सेलेबल एरिया. त्यात जिना, पॅसेज सगळं धरलंय. टॉवरवाला रेरा कायद्यामुळे कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर, दर सांगतो. आपला कार्पेट ६००. ८२ लाख भागिले ६०० म्हणजे १३,६६७. म्हणजे फरक सहा हजारांचा नाही, तीन हजारांच्या आतला आहे. शिवाय तिकडे बांधकाम चालू असेपर्यंत ५ टक्के जीएसटी वर, आणि १६,५०० हा पहिल्या भेटीत सांगितलेला दर. शेवटी किती लिहितात ते वेगळंच असतं.

जोशी काकू (ए-३०३): आमच्याकडे लिफ्टही नाही. गुडघे बोलतात माझे.

पाटील (बी-३०२): लिफ्टचा विषय नको. लिफ्टला विरोध कोणी केला होता ते सगळ्यांना माहीत आहे.

जोशी काकू (ए-३०३): मी तळमजल्यावर राहत असते तर मीही केला असता असं म्हणाले होते. विरोध नव्हता.

देशपांडे काका (ए-२०१): कन्व्हेयन्स नाही म्हणून दर कमी. कन्व्हेयन्स नाही म्हणून रिडेव्हलपमेंटही अडतंय. बिल्डर करून देत नाही तर जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज करा हे मी २०१९ पासून सांगतोय.

कुलकर्णी (ए-२०२): मला वाटतं घाईत विकला. परदेशात राहणाऱ्यांना काय, डॉलरमध्ये कमावतात, इथला भाव पडला काय आणि वाढला काय.

निखिल (ए-१०४): नमस्कार. मी अजून या ग्रुपमध्ये आहे.

(कुलकर्णी यांनी हा मेसेज डिलीट केला आहे)

गोखले (सी-२०२): न्यू जर्सीत आत्ता रात्र असेल ना रे? झोप की.

निखिल (ए-१०४): झोपच येत नाहीये, काका. सांगूनच टाकतो. आई गेल्यावर घर दोन वर्षं बंद होतं. मेंटेनन्स एकदाही थकवला नाही. त्या काळात सोसायटीतून मला बाथरूमच्या गळतीचे फोटो मात्र नेमाने येत होते. मागत होतो ९०. दोन गिऱ्हाईकं टीडीएसचं, म्हणजे घेणाऱ्याने आधीच कापून भरायच्या कराचं, ऐकून परत गेली. विकणारा भारतात राहत असेल तर ५० लाखांच्या वरच्या व्यवहाराला १ टक्काच कापतात. मी एनआरआय म्हणून घेणाऱ्याने साडेबारा टक्के अधिक सरचार्ज-सेस, तेही नफ्यावर नाही, सगळ्या रकमेवर कापायचे. कमी कापायचं सर्टिफिकेट काढता येतं, पण तेवढं थांबायला कोण तयार नव्हतं. मलाही सुट्टी संपायच्या आत सही करायची होती. मिळाले तेवढे घेतले.

सायली (बी-१०३): हेच म्हणतेय मी. हा अडलेल्या माणसाचा आकडा आहे. यावरून भाव पडला म्हणता येत नाही.

पाटील (बी-३०२): निखिल, तुझ्या आईंबद्दल आम्हाला आदरच आहे. पण एकदा फोन केला असतास तर माझ्या ओळखीचं गिऱ्हाईक होतं.

निखिल (ए-१०४): काका, तेच गिऱ्हाईक तुम्ही काल परत पाठवलंत बहुतेक.

गोखले (सी-२०२): 😂😂

पाटील (बी-३०२): हसण्यासारखं काही नाही. घरांच्या जाहिरातींच्या पोर्टलवर आपल्या भागाचा ग्राफ बघा, रेषा वरच चालली आहे. सरकारनेसुद्धा एप्रिल २०२५ मध्ये पुण्याचा रेडीरेकनर ४.१६ टक्क्यांनी वाढवला. सरकार काय वेडं आहे?

सायली (बी-१०३): त्याआधीची दोन वर्षं रेडीरेकनर वाढवलाच नव्हता. तेव्हा भाव थांबले होते का? तो मुद्रांक शुल्कासाठी आहे. आणि पोर्टलचा ग्राफ बराचसा जाहिरातींतल्या मागणीवर असतो. तुमची १ कोटी ५ ची जाहिरात दिवाळीपासून लागलीय ना, तीही धरूनच ती रेषा वर चाललीय.

कुलकर्णी (ए-२०२): पण रिझर्व्ह बँकेचा रेपो दर २०२५ मध्ये सव्वा टक्क्याने खाली आला. कर्ज स्वस्त, म्हणजे भाव वाढणारच. मेव्हणा म्हणतो थांबा.

गोखले (सी-२०२): मेव्हण्याला म्हणावं पाटलांचा घे.

देशपांडे काका (ए-२०१): पुन्हा सांगतो. कन्व्हेयन्स.

पाटील (बी-३०२): मेट्रोचं काय? वनाझ स्टेशन चालत दहा मिनिटं. त्याचे काही पैसे आहेत की नाही?

सायली (बी-१०३): आहेत, पण ते कधीच लागू झालेत. मेट्रो मार्च २०२२ ला धावली, घेणारे तेव्हापासून ते धरूनच बोलतात. दर वर्षी नव्याने कसे धरणार? उलटंही होतं. डिसेंबर २०२० मध्ये रजिस्ट्रेशनला केवढ्या रांगा होत्या, आठवतंय? मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची सूट संपत होती म्हणून. पुढचे व्यवहार लोकांनी आधीच उरकून घेतले. नुसते आकडे बघणाऱ्याला वाटलं असेल तेजी आली.

पाटील (बी-३०२): तू बँकेत आहेस म्हणून सगळ्यांचे भाव कमीच दिसणार तुला.

सायली (बी-१०३): बरं, बँकेचंच सांगते. तुम्ही १ कोटी ५ म्हणाल, आमचा व्हॅल्युअर येऊन ८८ लिहील. ८० टक्क्यांनी कर्ज ७० लाख. वरचे ३५ लाख आणि ७ टक्के स्टॅम्प ड्यूटी गिऱ्हाईकाने खिशातून घालायची. एवढे रोख हातात असलेला माणूस बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावर येईल का? राग मानू नका.

पाटील (बी-३०२): राग कसला. बोल तू.

सायली (बी-१०३): मी आपल्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांचे वर्षभरातले इंडेक्स टू काढले. साधारण याच वयाच्या बिल्डिंगा, २ बीएचके, कार्पेट ६०० च्या आसपास. सगळ्यांत खाली निखिलचा ८२, सगळ्यांत वर ९३. तो ९३ वाला टेरेससकट आणि लिफ्टवाला. बाकीचे ८६ ते ९० मध्ये.

गोखले (सी-२०२): आणि वरचे किती?

कदम (सेक्रेटरी): गोखले, असले विषय ग्रुपवर नकोत. कृपया.

गोखले (सी-२०२): वरच्या मजल्याचे म्हणत होतो.

देशपांडे काका (ए-२०१): त्या ९३ वाल्या सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं आहे. मी स्वतः त्यांच्या चेअरमनशी बोललो.

सायली (बी-१०३): हे मात्र काकांचं बरोबर आहे. आमचा वकील पहिलं तेच विचारतो.

देशपांडे काका (ए-२०१): आभारी आहे. ग्रुपवर हे पहिल्यांदाच कोणी लिहिलं.

कुलकर्णी (ए-२०२): रिडेव्हलपमेंट झालं की ३० टक्के एरिया जास्त मिळणार, मग आत्ता ८८ ला कोण देईल?

गोखले (सी-२०२): ३० टक्के तोंडी. त्या बिल्डरचे समोसे खाऊन दीड वर्ष झालं, त्याचं पत्र अजून यायचंय.

पाटील (बी-३०२): सायली, इंडेक्स टू शोधायचा तो ई-सर्चचा मार्ग टाक बरं. गावाच्या नावात काय घालायचं, कोथरूडच ना? आणि तो ९३ वाला कितव्या मजल्यावर आहे?

सायली (बी-१०३): हो, कोथरूड, आणि खाली आपला सर्व्हे नंबर. तो दुसऱ्या मजल्यावर आहे. तुम्हाला पर्सनलवर टाकते सगळं.

जोशी काकू (ए-३०३): टँकरचं कोणी सांगेल का?

शिंदे (ए-१०४, नवीन): नमस्कार सर्वांना. मला कदम सरांनी काल ग्रुपमध्ये घेतलं, सगळं वाचलं. आम्ही पुढच्या आठवड्यात राहायला येतोय. एक विचारायचं होतं, ८२ मध्ये स्टिल्टमधलं, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधलं, ७ नंबरचं पार्किंग धरलेलं आहे. तिथे एक पांढरी गाडी उभी असते, ती कोणाची?

पाटील (बी-३०२): ७ नंबर १९९८ पासून आमच्याकडे आहे.

निखिल (ए-१०४): काका, बाबांच्या करारात लिहिलंय ते.

गोखले (सी-२०२): स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळं विकताच येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. सोसायटी ठरवेल. म्हणजे अजून दहा वर्षं.

कदम (सेक्रेटरी): टँकर ११ ला येतोय. पार्किंगची यादी घेऊन उद्या १० वाजता गच्चीवर या. ज्यांच्याकडे ॲलॉटमेंट लेटर आहे त्यांनी मूळ प्रत आणावी, फोटो चालणार नाही.