केकच्या छायाचित्रांसाठी वेगळा डिजिटल कॅमेरा घ्यावा का?

लोणीसाखर (धागाकर्ती) :

मी गेली सहा वर्षे डोंबिवलीत घरून केक करून देते. माझे मत असे आहे की, ज्यांचा व्यवसाय फोटो पाहून येणाऱ्या ऑर्डरींवर चालतो त्यांनी फोनवर विसंबून न राहता लेन्स बदलता येणारा कॅमेरा घ्यावा. हे मत एका चुकीतून बनले आहे. मागच्या महिन्यात एका ताईंनी माझा जुना फोटो दाखवून मुलीच्या वाढदिवसासाठी ‘हाच निळा केक’ मागितला. बटरक्रीमच्या फुलांचा तो केक जांभळा होता हे मला पक्के आठवत असल्यामुळे मी जांभळाच केला. तो घ्यायला आल्यावर त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. त्या गेल्यावर मी तो फोटो पुन्हा पाहिला, तर फुले खरोखरच निळी दिसत होती. चूक त्यांची नव्हती.

दुसरे कारण आकाराचे. फोनचा मुख्य कॅमेरा बहुधा २४ ते २६ मिमी लेन्सइतका रुंद पाहतो (मिमीचा आकडा लहान, तितके दृश्य रुंद), म्हणून केकच्या जवळ जावे लागते आणि थोडे वरून घेतल्यास दोन टियरच्या (मजल्यांच्या) केकचा वरचा टियर खालच्याइतका मोठा दिसू लागतो. पोर्ट्रेट मोड लावला की पायपिंगच्या (कोनातून काढलेल्या क्रीमच्या नक्षीच्या) बारीक कडा आणि मेणबत्त्यांच्या वाती पार्श्वभूमीसोबत पुसल्या जातात. वापरलेला कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५०० आणि सोबत ५० मिमी एफ/१.८ लेन्स (एफपुढचा आकडा लहान, तितके उजेड आत घेणारे छिद्र मोठे) असा माझा विचार आहे. विरोधी मते अवश्य मांडावीत.

खिडकीपाशी :

आपली अडचण खरी आहे, पण तिचे खापर फोनवर फुटते आहे हे मला पटत नाही. जांभळा रंग तांबड्या आणि निळ्याच्या मिश्रणातून दिसतो. वर पांढरी एलईडी ट्यूब आणि बाजूने खिडकीचा उजेड असे दोन वेगळे प्रकाश एकाच केकवर पडले, की कोणत्याही कॅमेऱ्याचा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या छटेप्रमाणे रंग जुळवून घेण्याची सोय) गोंधळतो आणि त्यात तांबड्याचा अंश मारला गेला तर जांभळे फूल निळे होते. महागडा कॅमेरा त्याच ओट्यावर, त्याच ट्यूबखाली धरलात तर तोही हेच करील.

आता हे फोटो कुठे पाहिले जातात ते पाहू. इन्स्टाग्रामवरचा उभा फोटो १०८० बाय १३५० बिंदूंचा (पिक्सेलचा), म्हणजे सुमारे साडेचौदा लाख बिंदूंचा असतो; आपण घेऊ पाहत असलेले कॅमेरे २ कोटी ४० लाख बिंदू टिपतात. व्हॉट्सअ‍ॅप तर फोटो आणखी दाबून पाठवते. ग्राहकाला जे कधी दिसणारच नाही, त्यासाठी पैसे का घालवावेत? ट्यूब बंद करा, केक खिडकीपासून दोन हातांवर ठेवा, काचेवर बटर पेपर किंवा पांढरा सुती पडदा लावा आणि सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा करा. एवढे करून आठवडाभर फोटो काढल्याशिवाय कॅमेऱ्याच्या दुकानात पाऊल टाकू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

तिवई :

मी पुण्यात दागिने आणि खाद्यपदार्थांची छायाचित्रे व्यवसाय म्हणून काढतो. प्रकाशाबद्दल ‘खिडकीपाशी’ यांनी जे लिहिले ते योग्यच आहे. बिंदूंच्या हिशेबातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही, कारण कॅमेरा बिंदूंसाठी घ्यायचाच नसतो. आज काढलेला आणि तीन महिन्यांनी काढलेला जांभळा केक सारखाच दिसावा, यासाठी कॅमेरा घ्यायचा असतो. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स, छिद्र आणि शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा ते) तिन्ही हाताने ठरवून कायम ठेवता येतात. फोन मात्र दर फोटोमागे आपल्या मर्जीने रंग गडद करतो आणि रेड व्हेलव्हेट हमखास भडक करून ठेवतो. फोनमध्येही रॉ फाइल (फोनने रंग न बदललेला कच्चा फोटो) आणि हाताने नियंत्रण मिळते हे मला ठाऊक आहे, पण अलीकडच्या चांगल्या फोनचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) सुमारे ९.८ बाय ७.३ मिमी असतो आणि १५००डीचा २२.३ बाय १४.९ मिमी. क्षेत्रफळाचा हा चौपटीहून मोठा फरक संध्याकाळच्या उजेडात क्रीमच्या सावल्यांमध्ये स्पष्ट दिसतो.

आता लोणीसाखर ताईंच्या निवडीविषयी. ५० मिमी लेन्स एफ/१.८ वर ठेवून केक अर्ध्या मीटरवरून टिपलात तर स्पष्ट भागाची खोली एक सेंटिमीटरही भरत नाही; एक फूल टिपले जाईल आणि शेजारचे धूसर होईल. मागे सरून एक मीटर अंतरावरून एफ/८ वर काढलात तर सुमारे १२ सेंटिमीटर भाग स्पष्ट येतो आणि टियरचे प्रमाणही बिघडत नाही. मात्र शटर मंद होत असल्यामुळे तिवई लागतेच. नक्षी जवळून दाखवायची असेल तर कॅननचा ईएफ-एस ६० मिमी मॅक्रो किंवा निकॉनचा ४० मिमी मायक्रो ही अधिक उपयोगाची लेन्स आहे. डी३५०० मध्ये फोकसची मोटर नसल्यामुळे निकॉनच्या ‘एएफ ५० मिमी एफ/१.८डी’सारखी जुनी लेन्स त्यावर आपोआप फोकस करत नाही, हे वापरलेली लेन्स घेताना लक्षात ठेवावे. शिवाय आपण निवडलेल्या दोन्ही कॅमेऱ्यांचा पडदा जागचा हलत नाही. केक बरोबर वरून टिपायचा झाल्यास दर वेळी स्टुलावर चढावे लागेल, म्हणून मी २०१९ मधला कॅनन २००डी मार्क २ सुचवीन. त्याचा पडदा उघडून हव्या त्या कोनात फिरवता येतो.

कोकणपट्टी :

रत्नागिरीहून लिहिते आहे. मी चार वर्षांपूर्वी हौसेने कॅमेरा घेतला आणि आज तो कपाटात आहे. पहिल्याच पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशीचे जाळे धरले. सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवायचे असते, हे मला नंतर कळले.

पण माझा मुख्य आक्षेप वेळेचा आहे. मे महिन्यात व्हिप क्रीमचा केक फ्रीजबाहेर काढला की काही मिनिटांत त्यावर दव धरते आणि गुलाबांच्या कडा बसू लागतात. घेऊन जाणारा माणूस दारात उभा असतो. अशा वेळी तिवई लावणे, आकडे जुळवणे, फोटो फोनवर आणणे हे एकट्या बाईला कसे जमावे? फोन हाताशी असतो आणि ग्राहकाला केक निघण्यापूर्वी फोटो पोहोचतो. हा वेग माझ्या व्यवसायाला रंगाच्या अचूकपणाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

तिवई :

वेळेचा मुद्दा रास्त आहे, पण तिवई आणि आकडे दर वेळी नव्याने जुळवायचे नसतात. जमिनीवर चिकटपट्टीने तिवईच्या पायांच्या तीन खुणा करून ठेवाव्यात आणि ठरलेले आकडे कागदावर लिहून भिंतीला लावावेत. डी३५०० ला वाय-फाय नसले तरी ब्लूटूथवरून २ मेगापिक्सेलची (२० लाख बिंदूंची) प्रत फोनवर येते आणि इन्स्टाग्रामला ती पुरून उरते.

लोणीसाखर (धागाकर्ती) :

‘खिडकीपाशी’ यांचे म्हणणे मी चार दिवस करून पाहिले. जांभळ्या बटरक्रीमची सहा फुले एका पुठ्ठ्यावर काढली, ट्यूब बंद केली, काचेला बटर पेपर लावला आणि त्याच फोनने फोटो घेतला. रंग जवळजवळ खरा आला. त्या ताईंचा केक मी उजेडाकडे लक्ष न दिल्यामुळे चुकला, हे मी मान्य करते आणि धाग्याच्या सुरुवातीचे माझे पहिले कारण मागे घेते.

तरीही माझे मत पूर्ण बदललेले नाही. माझे निम्म्याहून अधिक केक मुले झोपल्यावर, रात्री नऊनंतर पूर्ण होतात आणि सकाळी सातला घराबाहेर पडतात, म्हणजे खिडकीचा उजेड मला मिळतच नाही. ट्यूबखाली तीच फुले फोनने घेतली तेव्हा ती पुन्हा निळसर आली आणि एका फोटोत आडवे काळे पट्टेही उमटले.

खिडकीपाशी :

ते पट्टे दिव्याच्या लुकलुकण्यामुळे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवल्यास पट्टे जातात. रात्रीचेच काम असेल तर मी माझा सल्ला थोडा बदलतो, पण सोडत नाही. आधी रंग नीट दाखवणारा एक चांगला स्थिर दिवा आणि त्यापुढे पांढरे कापड घ्यावे. दिवा घरात आल्यानंतर कॅमेऱ्याची गरज उरते का, ते पुन्हा तपासावे.

तिवई :

या क्रमाला माझाही विरोध नाही. मात्र दिवा आल्यावर पूर्ण पांढऱ्या फ्रॉस्टिंगचा एक केक मुद्दाम टिपून पाहावा. कॅमेऱ्याचे प्रकाशमापन समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालते, त्यामुळे पांढरे क्रीम मळकट येते. ते टाळण्यासाठी प्रकाश एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवावा लागतो, आणि त्या वेळी क्रीमच्या घड्या टिकतात की पांढऱ्या डागात विरून जातात, यावर फोन आणि कॅमेरा यांतला फरक ठरेल.

लोणीसाखर (धागाकर्ती) :

दिवा मागवला आहे. येत्या शनिवारी दोन टियरचा पांढरा केक आहे आणि मैत्रिणीचा २००डी मार्क २ दोन दिवसांसाठी मिळतो आहे. एकाच दिव्याखाली, एकाच जागेवरून फोन आणि कॅमेरा दोन्हींनी केक टिपीन आणि दोन्ही फोटो न सुधारता इथे लावीन. कोकणपट्टी ताई, प्रत्येकाला किती मिनिटे लागली तेही घड्याळ लावून लिहीन.