आजारी, म्हाताऱ्या कुत्र्याचे अखेरच्या दिवसांतले फोटो काढावेत का?

गिरणाकाठ (जळगाव) :

आमच्या घरचा काळा कुत्रा १३ वर्षांचा आहे. त्याची मूत्रपिंडे निकामी होत चालली असून, यापुढचे उपचार केवळ त्याचा त्रास कमी करण्यापुरते आहेत, असे पशुवैद्यांनी स्पष्ट सांगितले आहे. धाकट्या बहिणीची इच्छा अशी, की छायाचित्रकाराला घरी बोलावून त्याचे चांगले फोटो काढून घ्यावेत. वडिलांना ते मान्य नाही. ज्याला उठून पाण्यापर्यंत जायलाही कष्ट पडतात त्याच्यासमोर कॅमेरा धरणे बरे नव्हे, जुने फोटो आहेत तेवढे पुरेत, असे ते म्हणतात.

मी बहिणीच्या बाजूचा आहे. कुत्रा घरात आला की पहिल्या वर्षी सगळ्यांचे फोन त्याच्या फोटोंनी भरतात. पुढे तो घरातलाच एक झाला की त्याच्याकडे कॅमेरा वळत नाही. आमच्याकडेही पिल्लाचे फोटो खंडीभर आहेत. पण ज्याच्या तोंडावरचे केस पांढरे झाले आहेत, डोळ्यांवर निळसर झाक आली आहे आणि हाक ऐकू येईनाशी झाल्यापासून जो माणसाच्या हाताकडे बघत चालतो, त्याचे फोटो जवळपास नाहीतच. गेली काही वर्षे आम्ही राहिलो ते या कुत्र्याबरोबर. त्याला सजवू नये, जबरदस्तीने उभे करू नये, त्याच्या कलाने घ्यावे, हे मला मान्य आहे. मात्र आजारी दिसतो म्हणून फोटो काढूच नयेत, हे पटत नाही. ज्यांचे मत विरुद्ध आहे त्यांनी जरूर लिहावे.

अनेरकाठचा शेतकरी (चोपडा तालुका) :

भाऊ, मी तुमच्या वडिलांच्या बाजूचा आहे. कुत्र्याचा अनुभव मला बेताचाच. पण जनावराचे म्हातारपण शेतकऱ्याच्या घरी पाहायला मिळतेच. आमच्या वसरीत एका बैलाचा फोटो लावलेला आहे. तो पोळ्याच्या दिवशीचा आहे : शिंगांना हिंगूळ, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. म्हातारपणी हाच बैल एकदा खाली बसला तो पुन्हा उठू शकला नाही. आम्ही माणसे लावून त्याची कूस बदलत होतो, अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून खाली जाड अंथरूण घालत होतो, चारा-पाणी तोंडाशी नेत होतो. पण त्या अवस्थेतला फोटो काढावा, असे घरात कोणाच्याही मनात आले नाही.

त्याचे कारण माया कमी होती, असे नव्हे. घरातले माणूस बाजेला खिळले तर आपण त्याच्यावर पांघरूण नीट घालतो आणि दार अर्धे लोटून घेतो. त्याची असहायता चारचौघांत येऊ नये, एवढी काळजी आपण घेतो. माणूस निदान नको म्हणू शकतो. मुक्या जिवाला तेही जमत नाही, म्हणून त्याच्या वतीने आपणच नको म्हणायला हवे. शिवाय मनात शेवटची प्रतिमा सगळ्यांत खोल बसते. तीच पुन्हा पुन्हा समोर आणणारी वस्तू हाताशी ठेवली, तर गाडीमागे धावणारा तुमचा कुत्रा तुम्हाला आठवणार तरी कसा?

छायाचित्रकार (भुसावळ) :

लग्नाचे आणि समारंभांचे फोटो काढणे हा माझा व्यवसाय आहे, आणि पाळीव प्राण्यांसाठीही मला अधूनमधून बोलावणे येते. फोटो काढावेत, या मताचा मी आहे. शेतकरी दादांचा आक्षेप गंभीर आहे. पण असहायता दाखवायची की नाही, हे फोटो काढणाऱ्याच्या हातात असते. कॅमेरा कुठे ठेवला, उजेड कोणता घेतला आणि कधी थांबलो, यावर ते ठरते.

सध्याच्या दिवसांत आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर सोडतो, आणि मूत्रपिंडाच्या आजारात अंगातले पाणी आधीच कमी पडत असते. म्हणून त्याला स्टुडिओत न्यायचे नाही, शेतात किंवा नदीवरही न्यायचे नाही. सकाळी ऊन कोवळे असताना त्याच्या नेहमीच्या जागी, दाराच्या किंवा खिडकीच्या बाजूने येणाऱ्या उजेडात काम करावे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) यांनी आयुष्याची कित्येक दशके रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या बंगल्यातच काढली आणि तिथेच टेबलावर वस्तू मांडून जगाने नावाजलेली छायाचित्रे घडवली. चांगल्या फोटोसाठी घराबाहेर पडावे लागत नाही, याचा दाखला आपल्या खानदेशातच आहे.

फ्लॅश वापरू नये. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे फ्लॅशमध्ये डोळे हिरवे-पिवळे चमकतात. काळ्या कुत्र्याच्या बाबतीत एक अडचण असते : कॅमेरा काळेपणाला अंधार समजून चित्र गरजेपेक्षा उजळ करतो आणि केसांचा रंग राखाडी येतो. फोनवर डोळ्यांपाशी बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढावा, म्हणजे काळा रंग काळाच राहतो आणि तोंडावरचे पांढरे केस वेगळे उठून दिसतात. उभे राहून वरून फोटो घेतला तर जनावर केविलवाणे दिसते. जमिनीवर पालथे पडून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून घेतला तर ते तुमच्याकडे बघणारे कोणीतरी दिसते. शेतकरी दादा, तुमच्या आक्षेपाला माझ्याकडे याहून चांगले उत्तर नाही. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय घसरतात, तिथे सतरंजी टाकावी. त्याला ऐकू येत नसेल तर फरशीवर हलकेच थाप मारावी. कंपन त्याला जाणवते. नुसत्या चेहऱ्याच्या मागे लागू नये. पंजे, कानाची दुमड, झोपण्याची ढब, त्याच्या पाठीवर ठेवलेला वडिलांचा हात, हेही टिपावे. आणि तो वारंवार ओठ चाटू लागला, जांभया देऊ लागला, तोंड फिरवू लागला किंवा त्याच्या डोळ्यांचे पांढरे दिसू लागले, तर त्याला हे नकोसे झाले आहे असे समजून त्या दिवसापुरते काम बंद करावे. मुका जीव नको म्हणू शकत नाही, हे मला म्हणूनच पूर्णपणे पटत नाही. तो म्हणतो, आपण बघायला हवे.

पांझरेकाठी (धुळे) :

उजेडाविषयीची माहिती उपयोगी आहे, पण माझा विरोध दुसऱ्याच कारणाने आहे. आमच्या मांजरीला अखेरच्या काळात घरीच कातडीखाली सलाइन द्यावे लागे. एकाने तिला धरायचे, दुसऱ्याने सुई सांभाळायची, तिसऱ्याने बाटली उंच धरायची. अशा घरात माणसांचे हात आणि लक्ष आधीच अपुरे पडतात. त्यात हातात फोन आला की प्रत्येक हालचाल टिपण्याजोगी वाटू लागते, आणि आपण त्या जनावराकडे पाहत असूनही त्याच्याजवळ नसतो. पुढे ते फोटो स्टेटसवर जातात, आणि तो जिवंत असतानाच लोकांचे सांत्वन सुरू होते. मला ते असह्य वाटते. तुमच्या बहिणीच्या हेतूविषयी शंका नाही; पण उरलेला काळ थोडा आहे, आणि तो कुरवाळण्यात जावा की फोटो निवडण्यात, हा प्रश्न तिने स्वतःला विचारावा.

निवृत्त पशुवैद्यक (शिरपूर) :

या चर्चेत एक गोष्ट सुटली आहे, म्हणून लिहितो. फोटोंचा उपयोग केवळ आठवणीसाठी नसतो. रोज डोळ्यांसमोर असलेल्या जनावराचे झिजणे घरच्यांना दिसत नाही. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच बाजूने एक फोटो आणि चालण्याचा लहानसा व्हिडिओ घेतला, तर मांड्यांचे मांस किती उतरले, पाठ किती वाकली, कोणता पाय तो टेकत नाही, हे लगेच कळते. झोपेत असताना श्वासांचा व्हिडिओ घ्यावा. गाढ झोपेतल्या निरोगी कुत्र्याचे श्वास मिनिटाला साधारण ३० च्या आत असतात. दयामरणाचा निर्णय घेण्याची वेळ अनेक कुटुंबांवर येते, आणि त्या वेळी ‘कालपर्यंत तर बरा होता’ हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे. फोटो असले म्हणजे तो काल कसा होता यावर वाद राहत नाही, आणि त्या जिवाला आपल्या आशेपायी जास्त सोसावे लागत नाही.

मात्र फोटोसाठी गुंगीचे औषध मागू नका. अशा मूत्रपिंडांवर विनाकारण आणखी एक औषध लादणे चुकीचे आहे. पाण्याचे भांडे एका क्षणासाठीही बाजूला सरकवू नका. दयामरणाचा प्रसंग तर मुळीच चित्रित करू नका. भुलीच्या औषधाच्या मोठ्या मात्रेने जनावर शांतपणे जाते. पण नंतरही डोळे बहुधा उघडेच राहतात आणि कधी कधी श्वास घेतल्यासारखे आचके येतात. त्यात वेदना नसते, हे समजावून सांगायला डॉक्टर तिथे असतो. व्हिडिओ पुन्हा पाहताना तो शेजारी नसतो.

अनेरकाठचा शेतकरी (चोपडा तालुका) :

डॉक्टरसाहेबांचे म्हणणे मान्य आहे. असे फोटो जरूर काढावेत, त्यांना दाखवावेत आणि काम झाले की पुसून टाकावेत. दवाखान्याचे कागद कोणी चौकटीत लावत नाही. भिंतीवर जाणाऱ्या फोटोविषयी माझे मत बदललेले नाही.

गिरणाकाठ (जळगाव) :

दादा, भिंतीचाच विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या गावाकडच्या धाब्याच्या घरात आजीचा एकच फोटो आहे, आणि त्यात तिच्या तोंडाचे बोळके झालेले आहे. तरुणपणी तिचा फोटो कोणी काढलाच नव्हता. आपल्याकडच्या कितीतरी घरांत आजी-आजोबांचे फोटो असेच थकलेल्या वयातले आहेत. काही घरांत तर माणूस गेल्यावर स्टुडिओवाल्याला बोलावून काढलेला फोटोच तेवढा उरला आहे. तो पाहून त्या माणसाचा मान कमी झाला, असे कोणाला वाटत नाही. आजीची सुरकुतलेली मुद्रा आपल्याला चालते, मग कुत्र्याचे पांढरे तोंड का चालू नये? दार अर्धे लोटून घ्यावे, हे तुमचे म्हणणे मात्र मनाला लागले. त्याचे अंथरूण ओले झालेले असताना, त्याला उचलून न्यावे लागत असताना आम्ही कॅमेरा बाहेर काढणार नाही.

घरात सध्या असे ठरले आहे, की बाहेरच्या छायाचित्रकाराला बोलवायचे नाही, कारण नवख्या माणसाच्या वासानेही तो आता अस्वस्थ होतो. बहीण सकाळी स्वतः फोटो काढेल, ते स्टेटसवर जाणार नाहीत, आणि निवडक फोटो कागदावर छापून घेऊ. वडिलांची संमती अजून नाही. पण पाठीवरच्या हाताचा फोटो त्यांनी काढू दिला.

पांझरेकाठी (धुळे) :

स्टेटसवर टाकणार नाही, हे चांगले केलेत. तरीही एक सुचवते. फोन एका वेळी एकाच्याच हातात असू द्या, आणि तो रोज बहिणीच्याच हातात नको. नाहीतर जिला सगळ्यांत जास्त वाटते, तिलाच त्याच्याजवळ बसायला मिळणार नाही.