इंग्रजी आकडे म्हणे सगळीकडे एकाच अर्थाचे!

धंतोलीकर
परवा एकाने लिहिलं, इंग्रजी संख्याशब्द जगभर एकाच अर्थाने चालतात, तेव्हा शाळेतून लाख-कोटी काढून मिलियन-बिलियनच शिकवा. वाचून डोकं तापलं. खुद्द ब्रिटनच्या सरकारी कारभारात 1974 पर्यंत बिलियन म्हणजे एकावर बारा शून्यं. हॅरॉल्ड विल्सन पंतप्रधान असताना त्यांनी अमेरिकेचा नऊ शून्यांचा अर्थ घेतला. जर्मन आणि फ्रेंच आजही बारा शून्यांनाच बिलियन म्हणतात. जुन्या ब्रिटिश पुस्तकात बिलियन दिसला की आधी छपाईचं साल बघावं लागतं. आपल्या कोटीची सात शून्यं मात्र तशीच आहेत. 2011 च्या जनगणनेत नागपूर शहर 24 लाखांचं होतं, हे ऐकताच कळतं. 'टू पॉइंट फोर मिलियन' म्हटलं की मला मनात गुणाकार करावा लागतो.

मिहानवाला
जर्मनीचं घेऊन काय करू? आमचे ग्राहक अमेरिकेतले. एका नव्या मुलीने 5 मिलियनचे 5 लाख धरले आणि अख्खी टीम रात्री उशिरापर्यंत हिशेब जुळवत बसली. तिला शाळेत नीट शिकवलं असतं तर ही वेळ आली नसती. आणि गोंधळ आपल्यातही आहे. मराठी खर्व म्हणजे दहा अब्ज, हिंदी खरब म्हणजे शंभर अरब, म्हणजे आपले शंभर अब्ज. नागपुरात एकाच घरात दोन्ही भाषा चालतात.

धंतोलीकर
खर्व रोजच्या व्यवहारात कोण बोलतं? परदेशी कामाला मिलियन लागतो, एवढं मान्य. तो शिकवा. त्यासाठी लाख कशाला काढता?

इतवारीचा दुकानदार
बिलियन राहू द्या भाऊ. इथं पोट्ट्यांना साठाच्या आतलंच समजून नाही राह्यलं. 'एकोणसाठ' म्हटलं की तोंडाकडे पाहतात, 'काका, फिफ्टी नाईन सांगा ना' म्हणतात. मागं एकाला एकोणसत्तर सांगितले, तो एकोणऐंशी ठेवून निघाला. हाक मारून दहा रुपये परत केले. फोन नंबर तर कोणी मराठीत सांगतच नाही. आणि याला खतपाणी घातलं ते 2019 मध्ये बालभारतीनं. दुसरीच्या पुस्तकात 'नव्वद तीन'! पहिले शब्द मारायचे, मग भाषा वाचवा म्हणून ओरडायचं.

दुसरीची शिक्षिका
पुस्तक उघडून पाहिलंत का? 'त्र्याण्णव' काढला नव्हता, त्याच्या जोडीला 'नव्वद तीन' दिला होता. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर, त्यांच्यासारख्या गणितज्ञ बाईंना त्या वेळी लोक काय काय बोलले! माझ्या वर्गात त्र्याण्णव ऐकून मुलं 39 लिहितात, कारण तीन आधी ऐकू येतो. नॉर्वेने 1951 मध्ये शाळेतला क्रम बदलला, दशक आधी आणि एकक नंतर. तेही टेलिफोनवर नंबर सांगताना घोळ होत होता म्हणून.

इतवारीचा दुकानदार
नॉर्वेचं नॉर्वेत ठेवा मॅडम. माझी आजी शाळेत गेली नव्हती. पण पावकी, निमकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे तिच्या तोंडावर होते. आजकाल शिकवायचा कंटाळा, अन् दोष शब्दांना?

दुसरीची शिक्षिका
कंटाळा? चाळीस मुलांचा वर्ग एक दिवस सांभाळून दाखवा, मग बोला.

मानेवाड्याची सून
भांडा, पण इंग्रजी आकडे स्पष्ट असतात असं कुणी म्हणू नका. दवाखान्यातून फोनवर सासूबाईंच्या इन्सुलिनचं प्रमाण सांगितलं, 'फिफ्टीन'. मी ऐकलं 'फिफ्टी'. शंका आली म्हणून पुन्हा फोन केला, नाहीतर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो. विमानवाले हे आकडे 'वन फाइव्ह' असे सुटे सुटे बोलतात, ते उगाच नाही. पंधरा आणि पन्नास यांत असा घोळ होईल का?

मिहानवाला
ताई, हे मात्र खोडता येत नाही. थर्टीन-थर्टीचा त्रास आम्हालाही होतो, कॉलवर आकडा सांगून झाला की लगेच चॅटमध्ये टाकायची सक्ती आहे.

दुसरीची शिक्षिका
पंधरा-पन्नासचं कबूल. पण एकोणसत्तर-एकोणऐंशीचं काय? तो घोळ दुकानदार भाऊंनीच सांगितला. मराठी टिकवायची असेल तर किंमत पाटीवर आकड्यात लिहा आणि तोंडाने मराठीत सांगा. मुलं बघून शिकतील.

इतवारीचा दुकानदार
पाटी लावतो, चला. पण 'सत्तर उणे एक' असं काही नवीन काढून माझ्या दुकानात पोट्टे पाठवू नका.