ताईंच्या गाडीची धडक बसून सायकलस्वार गेला, आता त्यांच्याशी बोलू तरी काय?

समोरचं_दार:

नमस्कार, बरेच महिने नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आमच्या समोरच्या दारात एक ताई राहतात, पंचेचाळिशीच्या. त्या, त्यांचे मिस्टर आणि कॉलेजात जाणारी मुलगी. तीन आठवड्यांपूर्वी ऑफिसमधून घरी येताना, दिवेलागणीच्या वेळी, एका वळणावर त्यांच्या गाडीची सायकलवाल्याला धडक बसली. दोन दिवसांनी तो हॉस्पिटलमध्ये वारला. अॅम्ब्युलन्सला फोन ताईंनीच केला होता आणि ती येईपर्यंत रस्त्यावर त्याच्या शेजारी बसून होत्या. दारू नाही, हातात फोन नाही, स्पीडही फार नव्हता असं त्यांचे मिस्टर म्हणतात, पण तपास चालू आहे आणि खरं काय झालं ते मला माहीत नाही.

तेव्हापासून ताई घराबाहेर पडत नाहीत. रात्री दोन-अडीचला त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा चालू दिसतो. बिल्डिंगमधले अर्धे लोक त्यांना पाहिलं की मोबाईल काढून त्यात डोकं घालतात आणि उरलेले अर्धे जिन्यात दबक्या आवाजात नक्की काय झालं असेल याच्या चर्चा करतात. मला दोन्ही जमत नाही म्हणून मागच्या आठवड्यात बेल वाजवली आणि सुचलं ते बोलले, की ताई तुमची काही चूक नव्हती हो, अपघात होता तो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तू होतीस तिथे?" आणि दार लावून घेतलं. रागावून नाही, अगदी हळू लावलं. तेच जास्त लागलं.

दुसरं म्हणजे, माझ्या मुलाची सायकल आमच्या दोघींच्या दारांमध्ये जिन्यापाशी उभी असते. कधी कचरा ठेवायला त्या दार उघडतात तेव्हा समोर तीच दिसते. ती आत घेऊ का? आत घेतली तर मुद्दाम लपवली असं वाटेल, बाहेर ठेवली तर रोज त्यांच्या डोळ्यांसमोर. आणि खरं सांगायचं तर मनात हेही येतं की जो गेला त्याचंही घर आहे कुठेतरी, मग मी ताईंच्या बाजूने उभी राहतेय ते बरोबर आहे का. काय करू, सांगा कोणीतरी.

---

पायी_पायी:

मी तुमच्या ताईंच्या जागेवर होतो. नऊ वर्षं झाली. माझ्या बाबतीतही सायकलच होती, आणि तपासात माझी चूक निघाली नाही, तरी ते कागदावरचं वाक्य वाचून मला काडीचंही बरं वाटलं नाही हे आधीच सांगतो.

रात्री अडीचला दिवा का असतो ते मी सांगू शकतो. हिशोब चालू असतो. ताशी ५० ने गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर पुढे जाते, म्हणजे मी आरशाकडे अर्धा सेकंद कमी बघितलं असतं तर सात मीटर, निघताना किल्ली सापडत नव्हती ती पटकन सापडली असती तर तो तिथे यायच्या आधीच मी तिथून गेलेलो असतो, ती अजून उशिरा सापडली असती तर तो निघून गेलेला असता, असं पहाटेपर्यंत. या हिशोबाला उत्तर नसतं पण तो थांबवताही येत नाही, आणि अशा वेळी कोणी येऊन सांगतं की तुझी चूक नाही, तेव्हा वाटतं याला उत्तर माहीत असल्यासारखं हा बोलतोय, मी इतक्या रात्री बसून काढलं ते याने दारात उभ्याउभ्या काढलं. त्या "तू होतीस तिथे" म्हणाल्या ना, ते तुमच्यावर नव्हतं हो.

मला कोणी सावरलं असेल तर वरच्या मजल्यावरच्या एका रिटायर्ड काकांनी. ते रोज संध्याकाळी बेल वाजवायचे आणि म्हणायचे, चल, चक्कर मारून येऊ. बस. पहिले दहा दिवस मी नाही म्हणालो, तरी अकराव्या दिवशी आले. चालताना ते काही विचारायचे नाहीत, गुडघेदुखीबद्दल बोलायचे. दोन महिन्यांनी एक दिवस मीच त्या वळणाबद्दल बोललो आणि ते ऐकत राहिले, मान डोलावली, मग परत गुडघा. आता ते नाहीत. गाडी मी नंतर चालवली पण आवडीने कधीच नाही, म्हणून हे नाव.

आणि एक करू नका, "आता विसरून जा" म्हणू नका. विसरलो तर तो माणूस दुसऱ्यांदा जाईल असं वाटतं.

---

बिनधास्त_मत:

सायकलवाले पण कमी नसतात, ना लाईट ना सिग्नल, कुठूनही घुसतात. ताईंना सांगा टेन्शन घेऊ नका, त्याचीच असणार चूक.

---

तिसरा_रविवार:

@बिनधास्त_मत, माझा भाऊ सायकलवर गेला. त्याच्या सायकलला पुढे-मागे दोन्ही लाईट होते आणि अंगात चमकणारं जॅकेट होतं. तुम्ही जे लिहिलंत तेच वाक्य आम्ही दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये ऐकलं होतं, अजून त्याला जाऊन चार तासही झाले नव्हते. नसलेल्या माणसावर चूक ढकलणं सोपं असतं, तो उलट बोलत नाही.

समोरचं_दार, तुमचा धागा मी दोनदा बंद केला आणि तिसऱ्यांदा उघडला. खरं तर तुम्हाला मदत करायची माझी इच्छा नव्हती. पण तुम्ही "त्याचंही घर आहे" लिहिलंत म्हणून लिहितेय.

जगभरात वर्षाला जवळपास १२ लाख माणसं रस्त्यावर मरतात, त्या आकड्यात माझा भाऊ एक आहे. नोव्हेंबरचा तिसरा रविवार रस्ते अपघातात गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २००५ साली मान्य केला, माझं नाव त्यावरूनच. काही शहरांत अपघाताच्या जागी पूर्ण पांढरी रंगवलेली सायकल उभी करतात, २००३ च्या सुमारास अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये ते सुरू झालं आणि मग पसरत गेलं. लोकांना ते भेसूर वाटतं. मला आधार वाटला, कारण तिथून जाणाऱ्याला क्षणभर तरी कळतं की इथे कोणीतरी होतं.

ताईंसोबत राहिलात म्हणून तुम्ही आमच्याविरुद्ध जात नाही. फक्त त्यांना बरं वाटावं म्हणून त्या माणसाला पुसून टाकू नका. ज्या बाईने अॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्याच्याजवळ बसून काढलं तिला तुम्ही "जाऊ दे हो" म्हणालात तर तिला ते पटणारच नाही, आणि मला आत कुठेतरी वाटतं की पटू पण नये.

अजून एक. त्यांना कधीतरी त्या घरी जाऊन माफी मागावीशी वाटेल किंवा पत्र लिहावंसं वाटेल. त्यांनी एकटीने उठून तिकडे जाऊ नये हे कृपा करून बघा. केस चालू असताना वकिलाला विचारल्याशिवाय तर नाहीच, आणि नंतरसुद्धा मधल्या माणसामार्फत आधी विचारून, घरच्यांना ते हवं असेल तरच. आमच्याकडे ड्रायव्हरचं पत्र दोन वर्षांनी आलं, वकिलामार्फत, आधी विचारून. आईने वाचलं. मी अर्धं वाचलंय.

---

ओळीबाहेर:

थोडं विषयाबाहेर वाटेल पण नाही. बर्नार्ड विल्यम्स नावाचे एक इंग्लिश तत्त्वज्ञ होते, त्यांनी १९७६ मध्ये नेमकं हेच उदाहरण घेतलं होतं. एक लॉरी ड्रायव्हर, त्याची काहीही चूक नसताना त्याच्या लॉरीखाली एक मूल येतं. बघणाऱ्या सगळ्यांना वाईट वाटेल, पण ड्रायव्हरला जे वाटतं ते वेगळंच असतं, कारण ते त्याच्या हातून झालेलं असतं. विल्यम्स म्हणतात, लोक त्याची समजूत काढणार आणि ती काढायलाच हवी, पण तो फार पटकन समजला तर त्याच्याबद्दलच शंका येईल. म्हणजे तुम्ही समजूत घालायची आणि त्यांनी ती लगेच मानायची नाही, दोन्ही आपापल्या जागी ठीकच आहे. तुमचं दारातलं बोलणं फुकट गेलं असं समजू नका, फक्त त्याच दिवशी उत्तराची अपेक्षा नको होती.

---

ऐकणारी_मैत्रीण:

मी कौन्सेलिंगमध्ये काम करते. वर पायी_पायी यांनी लिहिलंय त्यात मला फारसं काही घालायचं नाहीये, फक्त काही गोष्टी ज्या शेजाऱ्याच्या हातात असतात.

तीन आठवड्यांत झोप उडणं, तोच क्षण डोळ्यांसमोर येणं, ब्रेकचा आवाज आला की दचकणं, हे बऱ्याच जणांना होतं आणि पुष्कळांचं हळूहळू कमी होतं. महिना उलटून गेल्यावरही तसंच असेल किंवा वाढत असेल तर ते आपोआप जाईल म्हणून वाट बघू नका, पीटीएसडीसाठी, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मनात टिकून राहणाऱ्या त्रासासाठी, तपासून घ्यायला सांगा. त्यावर खास उपचार आहेत, ट्रॉमावर काम करणारी सीबीटी (विचार आणि वागणं यांवर बोलून काम करणारी थेरपी) किंवा ईएमडीआर (तो प्रसंग आठवताना डोळ्यांच्या हालचाली करवून घेणारी थेरपी), आणि ते उपयोगी पडतात. पण "एकदा सगळं बोलून मोकळी हो" म्हणून त्यांना बसवून सगळा प्रसंग पहिल्यापासून वदवून घेऊ नका. पूर्वी अपघातानंतर लगेच असं एकदाच बोलतं करायची पद्धत होती, अभ्यासांमध्ये त्याचा फायदा दिसला नाही, काहींना उलट त्रास झाला. त्यांना स्वतःहून बोलायचं असेल तेव्हा ऐका, खोदून विचारू नका. यात अजून एक व्यवहाराची बाब आहे, केस चालू असताना त्यांनी तुम्हाला काय सांगितलं हे उद्या तुम्हाला विचारलं जाऊ शकतं. म्हणून तपशील त्यांनी वकिलाशी बोलावेत, आणि तुम्ही चॅटवर तर त्यातलं अक्षरही लिहू नका.

आता जे बोलायला सगळे घाबरतात ते. अशा अपघातानंतर काही जणांच्या मनात स्वतःला संपवायचे विचार येतात. "त्याच्याऐवजी मीच जायला हवं होतं", "मुलीला माझ्याशिवाय बरं जाईल" असं काही कानावर आलं, किंवा त्या अचानक आवराआवर करायला लागल्या, तर सरळ विचारा की ताई, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने डोक्यात नसलेलं काही शिरत नाही. हो म्हणाल्या तर त्यांना एकटं सोडू नका, मिस्टरांना सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा हेल्पलाईन. गुपित ठेवायचं वचन देऊ नका.

आणि त्या मुलीकडे लक्ष ठेवा. घरात सगळे आईकडे बघत असतात. कॉलेजात तिला कोण काय बोलतंय कुणास ठाऊक, बातमीखालच्या कॉमेंट्स तिने नक्की वाचल्या असणार.

"काही लागलं तर सांगा" हे वाक्य आपण सगळेच टाकतो, पण तशा अवस्थेतलं माणूस कधी काही सांगत नाही. त्यापेक्षा "मी बाहेर चाललेय, औषधं आणायचीत का" असं विचारलं की हो किंवा नाही एवढंच म्हणावं लागतं.

---

पायी_पायी:

सायकलचं राहिलं. आत घेऊ नका, विचारा. माझ्या घरच्यांनी अपघातानंतर पेपर लपवायला सुरुवात केली, टीव्ही बंद, भाच्याची सायकल माळ्यावर. सगळं घर माझ्याभोवती चवड्यांवर चालत होतं आणि मला वाटायचं माझ्यापासून सगळ्यांना धोका आहे.

---

समोरचं_दार:

सगळ्यांना वेगवेगळं उत्तर द्यायचं होतं पण जमलं नाही. तिसरा_रविवार, तुमचं सगळ्यात जास्त वेळा वाचलं. काय लिहू कळत नाही. तुम्ही तिसऱ्यांदा उघडलात, थँक यू.

चार दिवस झाले. पहिले दोन दिवस मी नुसतं दारातून विचारलं, खाली चाललेय, काही आणू का, आणि नाही असं उत्तर आलं. तिसऱ्या दिवशी मुलीने दार उघडलं आणि म्हणाली प्रिंटर चालतो का हो तुमचा, कॉलेजचं सबमिशन आहे. ती दीड तास आमच्याकडे बसली, प्रिंट तर पाच मिनिटांत झाली होती.

काल ताई स्वतः दारात आल्या. मी मागच्या वेळच्या बोलण्याबद्दल सॉरी म्हणाले, म्हटलं मी नव्हते तिथे, मला माहीत नाही, पण मी इथे समोर आहे. त्या काही बोलल्या नाहीत. मग मी सायकलचं विचारलं, अगदी सरळ, की ताई ही इथे राहू देऊ की आत घेऊ, तुम्हाला काय बरं पडेल. बराच वेळ त्या सायकलकडे बघत होत्या. मला वाटलं चुकलंच आपलं. मग वाकून त्यांनी मागच्या लाईटचं बटण दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "राहू दे. याचा लाईट बंद आहे गं, मुलाला अंधारात सोडू नकोस."

लाईट संध्याकाळीच बदलला. मुलाला काहीच सांगितलं नाही का ते.

मंगळवारी त्यांची डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे, मिस्टरांना सुट्टी नाही म्हणून गाडी मी नेणार आहे. पुढे बसणार नाही म्हणाल्या, मागे बसते. तिकडे जायचे दोन रस्ते आहेत आणि जवळचा त्या वळणावरून जातो. मी गुपचूप लांबचा घेणार होते, पण आता वाटतंय निघताना त्यांनाच विचारते.